नाळेतून पोचणारे ऊन

जन्माच्या क्षणी बाळाच्या अंगात ड जीवनसत्त्वाचा जेवढा साठा असतो, तेवढा सगळा आईकडून आलेला असतो. पोटात ऊन पोचत नाही, त्यामुळे गर्भाला स्वतःच्या त्वचेत ते तयार करता येत नाही. आईच्या त्वचेत उन्हाने बनलेले किंवा तिच्या अन्नातून, गोळीतून आलेले ड जीवनसत्त्व तिच्या यकृतात जाऊन २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी हे रूप घेते. रक्ततपासणीत मोजतात ते हेच, आणि वारेतून बाळाकडे जाते तेही हेच. नाळेच्या रक्तातली त्याची पातळी आईच्या पातळीच्या साधारण ६० ते ८० टक्के असते. म्हणजे आईकडे कमी असेल, तर बाळाकडे त्याहून कमी. लखनौमध्ये २०७ गरोदर स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात शहरातल्या बायका होत्या तशा खेड्यातल्याही होत्या. मिलिलिटरला २२.५ नॅनोग्रॅम ही मर्यादा धरली, तर तिच्याखाली ८४ टक्के स्त्रिया निघाल्या आणि त्यांच्या नवजात बाळांपैकी जवळपास ९६ टक्के. आयांची सरासरी होती १४, नाळेच्या रक्ताची साडेआठच्या आतबाहेर. खेडे आणि शहर यांच्या आकड्यांत जवळजवळ फरक नव्हता. मुंबईत २५ ते ३५ वयाच्या हजारावर निरोगी तरुण-तरुणींची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ साली छापून आले. त्यांच्यातल्या ७० टक्के जणांची पातळी २० नॅनोग्रॅमच्या खाली होती. हेच वय आई होण्याचे असते. गरोदरपण सुरू होण्याआधीच साठा उतरणीला लागलेला असतो, असा याचा अर्थ.

एवढी मोठी उणीव असताना वॉर्डात जन्मणारी बहुतेक बाळे धडधाकट कशी दिसतात, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर गर्भाच्या शरीररचनेत आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या हाडांत सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम साठलेले असते आणि त्यातले बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत येते. हे कॅल्शियम वार आईच्या रक्तातून जोर लावून ओढून घेते. ते ओढण्याचे काम गर्भाच्या स्वतःच्या ड जीवनसत्त्वावर फारसे अवलंबून नसते. आईचे आतडेही या काळात अन्नातून जवळपास दुप्पट कॅल्शियम शोषते. तेवढ्याने भागले नाही तर तिच्या हाडांतून काढले जाते. त्यामुळे आईची पातळी खालावलेली असली, तरी बाळाचे रक्तातले कॅल्शियम जन्मताना बहुधा ठीक असते. खरी कसोटी नाळ कापल्यावर लागते. वार गेली की कॅल्शियम मिळवण्याचा एकच मार्ग उरतो, बाळाचे स्वतःचे आतडे. आणि पहिल्या काही आठवड्यांत त्या आतड्याचे काम हळूहळू ड जीवनसत्त्वाच्या हाती जाते. नेमका तोच साठा बाळाने आईकडून अपुरा आणलेला असतो. या उणिवेची किंमत गरोदरपणात दिसत नाही, ती नंतर वसूल होते. म्हणूनच आईचा साठा आणि बाळाचा साठा ही दोन वेगळी प्रकरणे समजणे ही मुळातली चूक आहे असे मला वाटते. आईला गरोदरपणाच्या मध्यापासून रोज थोडी मात्रा, आणि बाळाला जन्मानंतर लगेच रोजचे थेंब, ही एकाच उपचाराची दोन टोके आहेत. त्यासाठी प्रत्येकीची रक्ततपासणी होण्याची वाट पाहायची गरज नाही.

उशिरा वसूल होणारी ही किंमत काही घरांत फार जड असते. कॅल्शियम खाली गेलेल्या बाळाला पहिल्या काही दिवसांत किंवा काही आठवड्यांनी झटके येतात. घरचे त्याला आकडी म्हणतात आणि धावतपळत दवाखाना गाठतात. चेन्नईच्या बालरोगतज्ज्ञांनी फक्त आईच्या दुधावर असलेल्या आणि असे झटके आलेल्या बाळांची नोंद केली, तेव्हा बाळांबरोबर त्यांच्या आयांमध्येही उणीव होती. काही बाळांत हाडे मऊ राहतात, टाळू उशिरा भरते, मनगटे रुंद होतात, बरगड्यांवर मण्यांसारखे उंचवटे येतात, हा मुडदूस. क्वचित हृदयाचा स्नायूच दुबळा होऊन हृदय फुगते. इंग्लंडच्या आग्नेय भागात अशा १६ बाळांची माहिती २००८ साली प्रसिद्ध झाली. सगळी बाळे भारतीय उपखंडातल्या किंवा आफ्रिकी वंशाच्या कुटुंबांतली होती, त्यातली तीन दगावली. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिल्यावर बाकीच्यांचे हृदय सुधारत गेले. इतके गंभीर आणि तरीही इतके स्वस्तात टाळता येणारे आजार बालवैद्यकात थोडेच आहेत. ब्रिटनमध्ये आज गरोदर आणि स्तनदा स्त्रियांना रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, घ्यायला सांगतात, आणि स्तनपान करणाऱ्या बाळाला जन्मापासून थेंब देतात. तिकडे राहणाऱ्या, सावळ्या त्वचेच्या मराठी कुटुंबांनी ही सूचना जास्तच मनावर घ्यावी.

यावर पहिला आणि सर्वांत जोरदार आक्षेप ठरलेला आहे: आपल्याकडे उन्हाला काय तोटा? वैशाखात डांबर वितळवणारे ऊन असलेल्या देशात उन्हापासून मिळणारी गोष्ट कमी पडते, हे पटत नाही. पण हा आक्षेप नवा नाही आणि त्याचे उत्तरही शंभर वर्षे जुने आहे. १८९० साली थिओबाल्ड पाम या इंग्रज डॉक्टरने जपानसारख्या देशांत मुडदूस फारसा दिसत नाही आणि इंग्लंडच्या धुराळलेल्या शहरांत तो घरोघरी आहे, हे पाहून त्याचा संबंध सूर्यप्रकाशाशी जोडला. १९२२ साली हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी आपल्या मुंबई इलाख्यातल्या निरीक्षणांवरून दाखवले की मुडदूस खाऊनपिऊन सुखी पण पडद्यात राहणाऱ्या घरांत होता. निकस जेवण पण उघड्यावर काम करणाऱ्या गरिबांच्या घरांत तो जवळजवळ नव्हता. त्या काळात मुडदूस गरिबीचा आजार मानला जाई. देशात ऊन भरपूर असणे आणि बाईच्या अंगाला ते लागणे यांतले अंतर या निरीक्षणांनी तेव्हाच मोजून ठेवले होते. पडदा हा शब्द आज जुना वाटेल, पण अंतर तेच आहे. पाचव्या मजल्यावरचे घर, ऑफिसची दिवसभराची बैठक, गाडीवर तोंडाला बांधलेला स्कार्फ, कोपरापर्यंतचे हातमोजे, डोक्यावरचा पदर, रंग काळवंडेल ही धास्ती: यातून त्वचेचा किती भाग किती वेळ उघडा राहतो, याचा हिशोब प्रत्येकीने मनात करून पाहावा. शेतात राबणाऱ्या बाईलाही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला गुंडाळलेले फडके असतेच. लखनौच्या अभ्यासातल्या खेड्यांनी हेच सांगितले.

आणि कोणतेही ऊन चालत नाही. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते ते सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांनी. सूर्य क्षितिजाजवळ असताना हे किरण वातावरणातच गाळले जातात. म्हणून सकाळी सातचे कोवळे ऊन, ज्यात बाळाला तेल लावून ठेवायची आपली पद्धत आहे, ते ऊब देते, बाळाला आणि आजीला दोघांनाही सुख देते, पण ड जीवनसत्त्व जवळजवळ देत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचे ऊन यासाठी उपयोगाचे. ते आपल्याकडे साधारण दहा-साडेदहानंतर सुरू होते आणि नेमके तेव्हा आपण आत जातो. खिडकीची काच हे किरण अडवते, त्यामुळे काचेआडून येणारे ऊन कितीही लख्ख असले तरी त्याचा इथे उपयोग नाही. सावळ्या त्वचेतले मेलॅनिन किरण शोषून घेते, म्हणून गोऱ्या माणसाला जेवढा वेळ पुरतो त्याच्या कितीतरी अधिक वेळ आपल्याला लागतो. पुण्यातल्या पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासात २० नॅनोग्रॅमची पातळी राखायला रोज एका तासाहून अधिक दुपारचे ऊन लागत असल्याचे आढळले. त्यात हवेचाही वाटा आहे. दिल्लीतल्या मोरी गेट या प्रदूषित भागातली लहान मुले आणि त्या काळच्या मोकळ्या गुरगावातली मुले यांची तुलना २००२ साली छापून आली: पहिल्यांची सरासरी १२.४, दुसऱ्यांची २७.१ नॅनोग्रॅम. सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईने रोज भर दुपारी तासभर उन्हात बसावे हा सल्ला द्यायला सोपा आहे. उष्माघाताच्या भीतीने, पायांवरच्या सुजेने, शेजारपाजारच्या नजरेने तो पाळला जात नाही, आणि न पाळणाऱ्या बाईला दोष देता येत नाही. नवजात बाळाला तर दुपारच्या उन्हात ठेवायचेच नसते. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीची, शेक-शेगडीची आणि सव्वा महिन्याच्या मुक्कामाची परंपरा पाहता आई आणि बाळ दोघांच्याही वाट्याला या काळात ऊन येत नाही. जुन्या बायकांचे याच चालीरीतींत काय बिघडले, असे विचारले जाते. पण मुडदूस, फेंगडे पाय आणि प्रसूतीत अडवणारे अरुंद कटीर यांची नोंद जुन्या वैद्यकात भरपूर आहे. बिघडत होते, फक्त त्याचे कारण उन्हाशी जोडले जात नव्हते.

अन्नातून भरपाई होईल ही आशाही तोकडी आहे. ड जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या असलेले पदार्थ मोजके: बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे, अंड्याचा बलक, थोडेफार तूप-लोणी. किनारपट्टीवरच्या घरात बांगडा नियमित शिजतो, तिथे थोडा हातभार लागतो. शाकाहारी घरात मात्र जवळपास काहीच येत नाही. गाईम्हशीच्या दुधात ते मुळात फार थोडे असते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार ज्या पिशव्यांवर पौष्टिकीकरणाची खूण असते, त्या दुधात ते घातलेले असते. ती खूण पाहून घेणे चांगलेच. आहाराचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. कॅल्शियम कमी पडले की शरीर ड जीवनसत्त्वाचा साठा अधिक वेगाने संपवते, हे १९८७ सालच्या प्रयोगांनी दाखवले. म्हणून नाचणी, दूध, ताक, तीळ, पालेभाज्या या गोष्टी आईला नुसते कॅल्शियम देत नाहीत, तिचा ड जीवनसत्त्वाचा साठाही वाचवतात. डिंकाच्या आणि आळिवाच्या लाडवांमागचे पोषण खरे आहे, पण ड जीवनसत्त्वाची जागा ते घेऊ शकत नाहीत.

आईच्या दुधाबद्दल बोलताना फार जपावे लागते, कारण एखादे अर्धे वाक्य ऐकून कोणी डबा आणायला निघेल. सहा महिने फक्त आईचे दूध हा नियम जसाच्या तसा खरा आहे. पण बहुतेक आयांच्या एक लिटर दुधात ड जीवनसत्त्वाची फारच थोडी युनिटे असतात आणि बाळाला रोज ४०० लागतात. हा दुधाचा दोष म्हणता येणार नाही, कारण दुधात जाते ते आईच्या रक्तातूनच. अमेरिकेतल्या एका चाचणीत स्तनदा आयांना रोज ६४०० युनिट दिल्यावर त्यांच्या दुधातून बाळाची गरज पूर्ण भागली. हा प्रयोग डॉक्टरच्या देखरेखीशिवाय कोणी घरी करू नये. पण दूध अपुरे नाही, आईचा साठा अपुरा आहे, एवढे त्यातून स्पष्ट होते. थेंब देणारी आई आपल्या दुधावर अविश्वास दाखवत नाही.

दुसरा आक्षेप वैद्यकातूनच येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली गरोदर स्त्रियांच्या देखभालीच्या शिफारशी केल्या, त्यात सर्व गरोदर स्त्रियांना ड जीवनसत्त्व द्यावे असे म्हटले नाही. २०२० साली फेरविचार झाला तेव्हाही ती भूमिका बदलली नाही. ढाक्यात १३०० स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली आले. गरोदरपणात आठवड्याला २८,००० युनिटपर्यंत मात्रा देऊनही वर्षाच्या बाळांच्या उंचीत फरक पडला नाही, आणि तिथल्या बहुतेक स्त्रियांमध्ये उणीव होती. ब्रिटनच्या एका चाचणीत रोज १००० युनिट घेतलेल्या आणि न घेतलेल्या आयांच्या नवजात बाळांच्या हाडांत एकूण पाहता फरक नव्हता. गरोदरपणातला रक्तदाब, मधुमेह, कमी वजन यांवर ड जीवनसत्त्व गुणकारी असल्याचे पूर्वीच्या काही आढाव्यांत म्हटले होते. अविश्वसनीय वाटलेल्या चाचण्या बाजूला काढून २०२४ साली कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने नवा आढावा घेतला, तेव्हा ती खात्री उरली नाही. हे सगळे मान्य करायला हवे. ड जीवनसत्त्वाच्या नावाने अकाली प्रसूतीपासून दम्यापर्यंत जे दावे केले गेले, त्यांतले पुष्कळ टिकलेले नाहीत, आणि ते करणाऱ्यांनी या विषयाचे नुकसानच केले.

पण या चाचण्यांनी विचारलेला प्रश्न कोणता होता हेही पाहावे लागते. उंची वाढते का, जन्मतः हाडांची घनता वाढते का, रक्तदाब टळतो का, असे त्यांनी विचारले. वारेची रचना अशी आहे की जन्माच्या वेळी हाडांत फरक दिसण्याची अपेक्षाच माफक असायला हवी. ब्रिटनच्या त्याच चाचणीत हिवाळ्यात, म्हणजे ऊन नसताना, जन्मलेल्या बाळांत फरक दिसला होता, आणि चौथ्या वर्षी पुन्हा मोजणी केली तेव्हा गोळी घेतलेल्या आयांच्या मुलांची हाडे अधिक घट्ट निघाली. ढाक्याच्या चाचणीने उंचीचा दावा फेटाळला. गोळी घेतली की नाळेच्या रक्तातली पातळी वाढते, हे मात्र त्याच चाचणीने पक्के केले. बाळाकडून बघायचे तर दिल्लीत पूर्ण दिवसांच्या पण कमी वजनाच्या दोन हजारांवर बाळांना सहा महिने आठवड्याला १४०० युनिट देऊन झालेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. मृत्यू किंवा दवाखान्यात भरती होण्याचे प्रमाण त्याने घटले नाही, पण बाळांचे वजन आणि लांबी यांत सुधारणा झाली. मुडदूस, झटके आणि दुबळे हृदय यांचा प्रश्न या सगळ्याहून वेगळा आहे. तिथे कारण आणि परिणाम यांत शंका नाही. हे आजार ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांच्या अभावाने होतात आणि ते दिले की टळतात. म्हणूनच पौष्टिक मुडदुसावर २०१६ साली झालेल्या जागतिक तज्ज्ञसंमतीने गरोदर स्त्रीला रोज ६०० आणि बाळाला पहिले वर्षभर रोज ४०० युनिट द्यावे असे म्हटले. शरीराला लागणारी किमान गरज भागवायला चमत्काराचा पुरावा मागायचा नसतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो: हा सगळा प्रयोगशाळा आणि औषधकंपन्यांचा बाजार आहे. त्यात तथ्य आहे. उणीव कुठे सुरू होते यावर तज्ज्ञांत एकमत नाही. कोणी २० नॅनोग्रॅम म्हणतात, कोणी ३० म्हणत होते, मुडदुसाचा विचार करणारे १२ म्हणतात. ३० ची रेघ ओढली की जवळजवळ सारा देश आजारी ठरतो आणि प्रत्येक रिपोर्टवर लाल अक्षर उमटते. ३० ची ही रेघ २०११ साली ओढणाऱ्या अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ साली ती सोडून दिली. सरसकट तपासणी करू नये आणि गरोदर स्त्रियांना तपासणीविना पूरक मात्रा द्यावी, असे तिचे आताचे मत आहे. माझे म्हणणे नेमके हेच आहे. शेकडो रुपयांच्या तपासणीपेक्षा काही रुपयांची रोजची गोळी शहाणपणाची. याउलट आपल्याकडे रिपोर्ट पाहून ६०,००० युनिटांच्या पुड्या लिहून दिल्या जातात. आठवड्याला एक असे आठ आठवडे सांगितलेले असते, पण चिठ्ठी जपून ठेवली जाते आणि पुड्या वर्षभर चालू राहतात, कधी रोज घेतल्या जातात. त्यातून रक्तातले कॅल्शियम धोकादायक वाढते, उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होते. ड जीवनसत्त्व मेदात साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही. गरोदर बाईने आपल्या मनाने मोठी मात्रा घेऊच नये.

यात आनंदाची गोष्ट अशी की छोट्या मात्रेची व्यवस्था सरकारने केव्हाच कागदावर आणली आहे. २०१४ सालच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार गरोदर स्त्रीला १४ व्या आठवड्यापासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या द्यायच्या असतात. प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट ड जीवनसत्त्व. म्हणजे दिवसाला ५०० युनिट. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सांगितलेल्या ६०० युनिटांच्या अगदी जवळ. पण गावोगावच्या घरांत ही गोळी ‘हाडाची गोळी’ म्हणून दुय्यम मानली जाते. लोहाच्या गोळीबद्दल विचारपूस होते, हिच्याबद्दल होत नाही. दोन्ही एकदम घेतल्या तर कॅल्शियम लोहाचे शोषण अडवते, म्हणून त्यांत किमान दोन तासांचे अंतर हवे, आणि कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते. एवढे सांगितले नाही की बाई पोट बिघडते म्हणून ती बंद करते. बाळाच्या बाजूला भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिल्या वर्षी रोज ४०० युनिटांचे थेंब सुचवते. बाजारात एका मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असलेले थेंब मिळतात आणि ८०० असलेलेही, त्यामुळे बाटलीवरचा आकडा वाचून किती द्यायचे ते डॉक्टरकडून किंवा नर्सबाईंकडून ठरवून घ्यावे.

आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. बाळाचे वजन करतात, ताप बघतात, दूध पाजणे पाहतात. त्यांच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे, त्यात भर नको हे म्हणणे रास्तच आहे. तरी आईची कॅल्शियमची गोळी चालू आहे का आणि बाळाचे थेंब सुरू झाले का, हे दोन प्रश्न त्या भेटींत विचारायला दोन मिनिटेही लागत नाहीत. मात्र थेंब सुरू झाले नसतील तर त्यांच्या पिशवीत बाटली असली पाहिजे, आणि तिचा खर्च बाळाच्या घराने करायचा नाही, सार्वजनिक आरोग्य विभागाने करायचा.